विनू मांकड

मुलवंतराय हिंमतलाल ऊर्फ विनू मांकड (१२ एप्रिल, इ.स. १९१७, जामनगर – २१ ऑगस्ट, इ.स. १९७८, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू होते. उजव्या हाताने फलंदाजी व डाव्या हाताने मंदगती फिरकी गोलंदाजी करणाऱ्या मांकड यांची गणना भारताच्या श्रेष्ठ अष्टपैलू खेळाडूंमध्ये होते. त्यांनी ४४ कसोटी सामन्यांत ५ शतकांसह २,१०९ धावा केल्या व १६२ बळी मिळविले. परदेशी क्लबचा करार स्वीकारावा की राष्ट्रीय संघातील निवडीची वाट पाहावी, हा व्यावसायिक खेळाडूपुढील प्रश्न इ.स. १९५२ साली त्यांच्या बाबतीत विशेष गाजला.

सुरुवातीची कारकीर्द

मांकड यांच्या खेळाची जडणघडण नवानगर संस्थानात झाली. ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्स्ली यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. इ.स. १९३६-३७च्या हंगामात नवानगरने रणजी करंडक जिंकला. पुढे ते महाराष्ट्र, गुजरात, बंगाल, मुंबई व राजस्थान या संघांकडूनही खेळले.

दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचे कसोटी पदार्पण लांबले. इ.स. १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्‌स येथे ते पहिला कसोटी सामना खेळले. त्या दौऱ्यातील प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनी १,१२० धावा व १२९ बळी अशी दुहेरी कामगिरी केली. इ.स. १९४७-४८च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी मेलबर्न येथे दोन शतके काढली. याच दौऱ्यात सिडनी कसोटीत चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना त्यांनी धावबाद केले. अशा रीतीने बाद करण्याला पुढे त्यांचेच नाव चिकटले.

हॅसलिंग्डनचा करार आणि इ.स. १९५२चा इंग्लंड दौरा

त्या काळी भारतीय खेळाडूला कसोटी क्रिकेटमधून उपजीविकेपुरते उत्पन्न मिळत नसे. याउलट इंग्लंडमधील लँकेशायर लीगचे क्लब परदेशातील नामवंत खेळाडूंना हंगामाचा ठरावीक मोबदला देऊन बोलावीत. लीगचे सामने प्रामुख्याने शनिवारी होत आणि कसोटी सामन्यांतही शनिवार येत असे. त्यामुळे दोन्हीकडे एकाच वेळी खेळणे शक्य नव्हते. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन हे नेल्सन क्लबशी बांधलेले असल्याने इ.स. १९३३च्या इंग्लंडमधील मालिकेत एकच कसोटी खेळू शकले होते.

इ.स. १९५१-५२च्या हंगामात इंग्लंडविरुद्धच्या मायदेशातील मालिकेत मांकड यांनी ३४ बळी घेतले. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा त्यांनी दोन डावांत मिळून १०८ धावांत १२ गडी बाद केले होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जाणार होता आणि त्याच हंगामासाठी हॅसलिंग्डन क्लबचा प्रस्ताव मांकड यांच्यापुढे होता. दौऱ्यातील निवडीची हमी मिळाल्यास हा प्रस्ताव सोडण्याची तयारी त्यांनी दर्शविली. अशी हमी आधीच देण्यास क्रिकेट मंडळ तयार झाले नाही. एका खेळाडूस असे वचन दिल्यास इतरांनाही द्यावे लागेल, ही अडचण उघड होती. तथापि निवड न झाल्यास मांकड यांचा संपूर्ण हंगाम उत्पन्नाविना गेला असता. अखेर त्यांनी क्लबशी करार केला व विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील संघ त्यांच्याविना रवाना झाला.

लीड्स येथील पहिल्या कसोटीत विजय मांजरेकर यांनी शतक काढले. परंतु दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार फलंदाज एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले आणि भारत हरला. त्यानंतर मंडळाने क्लबशी बोलणी करून उरलेल्या तीन कसोटींसाठी मांकड यांना मोकळे करून घेतले.

लॉर्ड्‌सच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी सलामीला येऊन ७२ व १८४ धावा केल्या. १८४ ही तोवरची भारतीयाची सर्वोच्च कसोटी धावसंख्या होती. इंग्लंडच्या पहिल्या डावात त्यांनी ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. तरीही इंग्लंडने सामना ८ गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही ३-० अशी जिंकली. मांकड यांच्या पुनरागमनाने भारताचा पराभव टळला नाही. मात्र ज्याला हमी नाकारली गेली, त्याच खेळाडूची संघाला किती गरज होती, हे या सामन्याने दाखवून दिले.

नंतरची कारकीर्द

त्याच वर्षी दिल्ली येथे पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या कसोटीत त्यांनी १३ बळी घेतले. मुंबईच्या कसोटीत त्यांनी १,००० धावा व १०० बळींचा टप्पा २३व्या सामन्यात गाठला. हा विक्रम इ.स. १९७९मध्ये इयान बॉथम यांनी मोडला. जानेवारी १९५६मध्ये मद्रास येथे न्यू झीलंडविरुद्ध त्यांनी २३१ धावा केल्या व पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी दिली. ही भागीदारी इ.स. २००८पर्यंत जागतिक विक्रम म्हणून कायम होती. सहा कसोटींत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. इ.स. १९५९मध्ये ते अखेरची कसोटी खेळले.

वारसा

क्लब आणि देश यांतील ओढाताण क्रिकेटपुरती मर्यादित नव्हती. इ.स. १९५५मध्ये इटलीतील फिओरेंतिना क्लबकडे गेलेला ब्राझीलचा फुटबॉलपटू जुलिन्यो इ.स. १९५८च्या विश्वविजेत्या संघात नव्हता. आज फुटबॉलमध्ये ठरावीक काळात खेळाडूंना राष्ट्रीय संघासाठी सोडणे क्लबांवर बंधनकारक आहे, तर क्रिकेटमध्ये परदेशी लीगसाठी मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मांकड यांच्या काळी अशी कोणतीही व्यवस्था नव्हती.

इ.स. १९७३मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्कार मिळाला. त्यांचे पुत्र अशोक मांकड हेही भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. १९ वर्षांखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा विनू मांकड करंडक या नावाने ओळखली जाते. इ.स. २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश केला.