आचार्य धर्मानंद कोसंबी : शिष्यांची वाट सुकर करणारे गुरू

गोव्यातील साखवाळ या खेड्यात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले होते. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा धर्म मूळ ग्रंथांतून जाणण्याची तळमळ त्यांना लागली. १८९९ साली ते घराबाहेर पडले. त्या विद्येचे मोल मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांनीही मोजले, हे विसरता येत नाही. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे नेपाळ व बुद्धगया गाठली. पालीचा गुरू मात्र १९०२ मध्ये, समुद्रापलीकडे, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या रूपाने लाभला.

एवढ्या कष्टाने मिळविलेली विद्या स्वतःपाशीच ठेवणे त्यांना मानवले नाही. आपल्याला जी पायपीट करावी लागली, ती पुढच्या मराठी विद्यार्थ्याला करावी लागू नये, हाच त्यांच्या अध्यापनाचा हेतू झाला. कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवीत. तेथे अधिक वेतन मिळण्याची शक्यता असतानाही, महाराष्ट्रात राहून कार्य करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य स्वीकारले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ ते १९१८ या काळात कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

त्या वर्गातून पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान घडले. बापट पालीचे अध्यापक झाले आणि गुरूप्रमाणेच तेही हार्वर्डला गेले. १९५६ साली, ज्या वर्षी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी, बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ बापटांच्या संपादनाखाली भारत सरकारने प्रसिद्ध केला. गुरूने पुण्यात लावलेले रोप असे देशाच्या उपयोगी पडले.

कोसंबींचे अध्यापन महाविद्यालयाच्या भिंतींत सामावणारे नव्हते. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला आणि विद्यापीठाचे दार ज्यांना बंद होते त्यांच्यापर्यंत धम्म नेला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. हार्वर्डसाठी अनेक वर्षे खपून सिद्ध केलेली ‘विसुद्धिमग्ग’ची आवृत्ती १९५० साली छापून निघाली, ती पाहण्याचे समाधान त्यांना लाभले नाही. शिष्य मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत अध्यापक झाले होते. अध्यापकाच्या श्रमाचे फळ ग्रंथाच्या आधी शिष्यात दिसते. ज्या विद्यार्थ्यांना घर सोडून शिकावे लागते आणि जे गुरुजन त्यांना जवळ करतात, त्या उभयतांना हे चरित्र आपलेसे वाटावे.