काळ्या-पांढऱ्याचा किमयागार : बोदोनी

संगणकावरील फॉन्टच्या यादीत ‘बोदोनी’ हे नाव अनेकांच्या नजरेखालून गेले असेल. जाड उभ्या रेषा, केसाइतक्या बारीक आडव्या रेषा आणि टोकांना सरळ, बारीक पट्ट्या असे या अक्षरांचे रूप. ते घडवणाऱ्या जांबातिस्ता बोदोनी यांचे आयुष्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

इटलीच्या पिडमाँट प्रांतातील सालुत्सो गावी १७४० मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील मुद्रक असल्याने छापखान्याचे धडे घरातच मिळाले. अठराव्या वर्षी ते रोमला गेले. तेथे धर्मप्रसारासाठी अनेक भाषांत पुस्तके छापणाऱ्या चर्चच्या मुद्रणालयात त्यांना काम मिळाले आणि परक्या लिप्यांशी परिचय झाला. इंग्लंडचे मुद्रक जॉन बास्करव्हिल यांच्या कामाने भारावून त्यांनी १७६६ मध्ये रोम सोडले. पण वाटेत आजारपणाने गाठले आणि इंग्लंड कायमचे दुरावले.

१७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्यांच्याकडे राजमुद्रणालय सोपवले. प्रारंभी पॅरिसहून फूर्निए यांचे टाइप मागवावे लागले. पुढे बोदोनी स्वतः पोलादी ठसे कोरू लागले. हळूहळू त्यांनी नक्षी कमी केली, समास रुंद केले, ओळींमधली जागा वाढवली आणि पानाचे सौंदर्य अक्षरांवरच सोपवले. एवढी बारीक रेषा उमटण्यासाठी गुळगुळीत कागद, उत्तम शाई आणि काटेकोर छपाई आवश्यक होती. ती त्यांनी साध्य केली. १८०६ मध्ये एकच प्रार्थना १५५ भाषांत छापून त्यांनी युरोपला थक्क केले.

या कीर्तीला दुसरी बाजूही होती. त्यांची भव्य, महाग पुस्तके राजेरजवाड्यांच्या कपाटांत विसावत. मजकुरातील चुकांबद्दल त्यांच्यावर टीका झाली. लहान आकारात बारीक रेषा पुसट होऊन डोळ्यांना त्रास होतो, हा आक्षेपही या शैलीवर घेतला जातो. वाचनीयता की देखणेपणा, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

आयुष्यभराचे टाइप एका ग्रंथात मांडण्याचे त्यांचे स्वप्न मात्र अपुरे राहिले. ३० नोव्हेंबर १८१३ रोजी पार्मात त्यांचे निधन झाले. पत्नी मार्गेरिता यांनी हार मानली नाही. छापखान्यातील सहकारी लुइजी ओर्सी यांच्या मदतीने त्यांनी १८१८ मध्ये ‘मानुआले तिपोग्राफिको’चे दोन खंड प्रसिद्ध केले. या खंडांमुळेच बोदोनींचे अक्षरवैभव पुढील पिढ्यांच्या हाती आले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी या अक्षरांना नवजीवन दिले. १९२९ मध्ये लायनोटाइप कंपनीसाठी चॉन्सी ग्रिफिथ यांनी ‘पोस्टर बोदोनी’ हा अतिठळक टाइप घडवला. लहान अक्षरांत दोष ठरणारा जाड-बारीक रेषांचा विरोध जाहिरातीच्या मोठ्या मथळ्यात गुण ठरला. एकेकाळी राजवाड्यांपुरते असलेले अक्षर अशा रीतीने रस्त्यावरच्या सामान्य वाचकापर्यंत पोहोचले.