विल्हेल्म मायबाख : इंजिनाची तहान जाणणारा यंत्रज्ञ

डिसेंबरातील एका थंड सकाळी आमच्या शाळेच्या दारातून एक मोटार बेळगावला निघण्याच्या तयारीत होती. इंजिन सुरू होताच तिच्या सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब टपटप गळू लागले. भोवती जमलेल्या विद्यार्थ्यांचे चेहरे उतरले. इंजिनातले पाणी असे वाहून गेले तर ही गाडी चोर्ल्याचा घाट चढणार कशी, अशी शंका त्यांनी आम्हांस विचारली. चालक मात्र शांत होता. थोड्या वेळाने इंजिन तापले, थेंब थांबले आणि मोटार निर्धास्तपणे मार्गस्थ झाली. मुलांची शंका तशीच राहिली. तिचे उत्तर शोधताना आम्हांस ज्या थोर यंत्रज्ञाच्या चरित्राचा परिचय झाला, तो येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

प्रथम त्या थेंबांविषयी. पेट्रोलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजन असतो. तो जळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो व पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तितकेच पाणी निर्माण होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एरवी ते वाफेच्या रूपाने अदृश्यपणे निघून जाते. नळी थंड असली म्हणजे तिच्या अंगाला लागून त्याचे थेंब बनतात. हे ज्वलनाचे पाणी झाले. इंजिनात दुसरेही एक पाणी असते. ते सिलिंडरभोवती खेळते आणि त्याचा दाह हरण करते. या दोन पाण्यांची कधीही भेट होता कामा नये, हा इंजिनाचा नियम आहे. त्या दुसऱ्या पाण्याला मोटारीत योग्य घर बांधून देण्याचे मोठे श्रेय विल्हेल्म मायबाख याच्याकडे जाते.

मायबाखचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन येथे झाला. वडील सुतारकाम करीत. दहा वर्षांचा होईपर्यंत या मुलाचे आई व वडील दोघेही निवर्तले. रॉयट्लिंगेन गावी गुस्ताव वेर्नर या परोपकारी गृहस्थाने अनाथ मुलांसाठी आश्रम चालविला होता. तेथे विल्हेल्मला आसरा मिळाला. आश्रमाला जोडूनच यंत्रशाळा होती. दिवसा तेथे आराखडे काढावेत आणि संध्याकाळी गावातील शाळेत शिकावे, असा त्याचा क्रम असे. पुढे 1863च्या सुमारास गोटलीब डाइमलर त्या यंत्रशाळेचा प्रमुख होऊन आला. या मुलाच्या रेखाटनांतील बुद्धी त्याने ओळखली. तेव्हापासून जुळलेला त्यांचा स्नेह डाइमलरच्या मृत्यूपर्यंत टिकला.

दोघांनी काही वर्षे डॉइट्झ येथील इंजिनांच्या कारखान्यात काम केले. 1882 साली ते स्टुटगार्टजवळील कानस्टाट येथे आले. डाइमलरच्या बागेतील काचगृहात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. तेथून रात्रंदिवस येणाऱ्या हातोड्यांच्या आवाजामुळे हे लोक खोटी नाणी पाडीत असावेत असा माळ्याला संशय आला आणि पोलिसांनी तेथे धाड घातली, असे सांगतात. सापडली ती केवळ इंजिने! त्याच काचगृहातून 1885 मध्ये हलके व वेगवान पेट्रोल इंजिन आणि ते बसविलेली दुचाकी बाहेर पडली.

परंतु इंजिनाचा वेग वाढला, तशी उष्णताही वाढली. सिलिंडरात जळणाऱ्या वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाते. ती उष्णता वेळीच काढून घेतली नाही, तर धातू टिकाव धरीत नाही. आरंभीच्या काही मोटारींत भोवतालचे पाणी उकळून उडून जाई व वाटेत ते पुनःपुन्हा भरावे लागे. मायबाखने हा प्रश्न जन्मभर सोडला नाही. 1889च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या गाडीत त्याने सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी खेळविले. 1897 मध्ये त्याने बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. शेवटी 1900 साली, एमिल येलिनेक याच्या मागणीवरून बनविलेल्या 35 अश्वशक्तीच्या मोटारीसाठी, त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. त्यात 8,070 चौकोनी नळ्या एकमेकींस डाख देऊन जोडल्या होत्या. नळ्यांतून वारा वाही आणि त्यांच्यामधील अरुंद फटींतून पाणी. वाऱ्याला भिडणारे पृष्ठ इतके वाढले की, पूर्वीच्या निम्मे, म्हणजे अवघे 9 लिटर पाणी पुरू लागले. येलिनेकच्या कन्येच्या नावावरून त्या मोटारीला मर्सिडिस हे नाव मिळाले. 1901च्या मार्चमध्ये नीस येथील शर्यती तिने गाजविल्या.

आता विद्यार्थ्यांच्या शंकेचा उरलेला भाग. इंजिन चांगले तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरी वाफ येतच राहिली, तिला गोडसर वास असला, गाडीखाली थेंब न सांडता रेडिएटरमधील पाणी रोज उतरू लागले, किंवा इंजिनातील तेल दुधाळ दिसू लागले, तर मात्र सावध झाले पाहिजे. सिलिंडर व त्याचे झाकण यांमधील गॅस्केट फाटले असण्याचा किंवा धातूला तडा गेला असण्याचा तो इशारा होय. अशा वेळी गाडी न दामटता थांबवावी आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवावी. इंजिन गरम असता रेडिएटरचे झाकण उघडण्याचे साहस तर कोणीही करू नये. उकळते पाणी उसळून अंग भाजते.

मायबाखचे उत्तरायुष्य सुखाचे गेले नाही. 1900 साली डाइमलर वारला. त्यानंतर ज्या कंपनीची कीर्ती त्याने वाढविली, तिच्यातच त्याला बाजूला सारण्यात आले आणि 1907 मध्ये त्याने ती सोडली. तेव्हा त्याचे वय 61 होते. दुसरा एखादा खचला असता. त्याने काउंट झेपेलिनच्या साहाय्याने 1909 मध्ये पुत्र कार्ल यासह आकाशनौकांच्या इंजिनांचा कारखाना उभारला. लहानपणी विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या अनाथ मुलाला 1916 साली स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. 29 डिसेंबर 1929 रोजी त्याचे निधन झाले. कानस्टाटच्या स्मशानभूमीत, डाइमलरच्या जवळच, तो चिरविश्रांती घेत आहे.

मुलांनो, घाटात एखादी मोटार पुढचे झाकण उघडून वाफ सोडीत उभी दिसली, तर क्षणभर या पुरुषाची आठवण करा. सगळीच गळती संकट नसते आणि सगळेच संकट डोळ्यांना दिसत नाही. लक्षण पाहून आधी कारण शोधावे आणि मगच भ्यावे किंवा हसावे, हा धडा त्या सकाळच्या चार थेंबांनी आम्हांस दिला. तो तुमच्याही उपयोगी पडो, हीच आमची इच्छा.