जॉन ब्राउनिंग यांची अखेरची बंदूक डावखुऱ्यांच्याही सोयीची

ट्रॅप नेमबाजीत आज एकावर एक नळी असलेली दुनळी शॉटगन सर्वत्र दिसते. ही रचना सर्वसामान्य नेमबाजांच्या आवाक्यात आणण्याचा ध्यास घेतलेले अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग यांना मात्र आपली ही अखेरची निर्मिती बाजारात आलेली पाहता आली नाही.

ऑग्डेन (युटा) येथे १८५५ मध्ये जन्मलेल्या ब्राउनिंग यांनी बंदुका घडविण्याची विद्या वडिलांकडून आत्मसात केली. त्यांच्या नावावर १२८ पेटंट आहेत. त्यांची स्वयंचलित शॉटगन ‘ऑटो-५’ जगभर गाजली. परंतु तिचे रिकामे काडतूस उजवीकडून बाहेर फेकले जाई. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याच्या ते चेहऱ्यासमोरूनच जाई.

‘सुपरपोज्ड’ या दुनळी बंदुकीत ही अडचण उरली नाही. बिजागरीवर उघडताच काडतुसे सरळ मागे निघत. दस्ता मात्र डावखुऱ्यांना आजही पारखूनच घ्यावा लागतो. उजव्या खांद्यासाठी बाक दिलेल्या दस्त्यावर त्यांचा डोळा नळीच्या रेषेत येत नाही.

बेल्जियममधील लिएजजवळच्या हर्स्टाल येथील कारखान्यात २६ नोव्हेंबर १९२६ रोजी ब्राउनिंग यांचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. अपुरे राहिलेले काम पुत्र वॅल यांनी तडीस नेले आणि १९३१ मध्ये बंदूक विक्रीस आली. दोन्ही नळ्यांसाठी एकच चाप वापरण्याची यंत्रणाही पुढे वॅल यांनीच तिला जोडली.