मंगळाचे कालवे फोटोत पकडायला निघालेले पर्सिव्हल लोवेल

दुष्काळी भागातल्या माणसाला कालव्याचं मोल सांगायला नको. पण मंगळ ग्रहावरही कालवे आहेत, तिथले जीव ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कोरड्या मुलखात नेतात, असं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस छातीठोकपणे सांगत होता. ते होते पर्सिव्हल लोवेल.

लोवेल यांचा जन्म १३ मार्च १८५५ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. घराणं श्रीमंत. हार्वर्डमध्ये शिक्षण झालं, पुढे काही वर्षं जपान-कोरियात गेली. १८७७ साली इटलीच्या शियापारेली यांना दुर्बिणीतून मंगळावर बारीक रेषा दिसल्या होत्या. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक ओघळ असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे थेट खणलेले कालवे झाले. लोवेल यांनी हाच धागा धरला.

१८९४ मध्ये त्यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली. उंची सुमारे ७ हजार फूट, हवा कोरडी. दोन वर्षांनी तिथे २४ इंची भिंगाची दुर्बीण आली. लोवेल रात्र-रात्र मंगळ बघायचे आणि रेषांचे नकाशे काढायचे. इतर खगोलशास्त्रज्ञ मात्र म्हणायचे, हा नजरेचा भास आहे.

मग लोवेल यांनी कॅमेऱ्याला साक्षीला बोलावलं. काम सोपं नव्हतं. हवा हलते, तसं ग्रहाचं चित्रही थरथरतं. डोळा एखादा स्थिर क्षण पटकन टिपतो, पण प्लेटला काही सेकंद उजेड लागायचा, तेवढ्यात सगळं पुसट व्हायचं. त्यांचे सहकारी कार्ल लॅम्पलँड यांनी युक्ती काढली. एकाच प्लेटवर मंगळाचे एकापाठोपाठ एक पुष्कळ फोटो घ्यायचे, त्यातला एखादा तरी स्पष्ट येतो. १९०५ मध्ये त्यांना यश आलं. १९०७ मध्ये लोवेल यांच्या खर्चाने एक तुकडी चिलीला गेली आणि तिथून हजारो फोटो आले. त्याच वर्षी लॅम्पलँड यांना ब्रिटनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदक मिळालं.

पण घोडं इथेच अडलं. मूळ फोटोतला मंगळ जेमतेम वाटाण्याएवढा. छापायला घेतला की बारीक तपशील नाहीसे. मूळ प्लेट पाहून कुणी म्हणे रेषा आहेत, कुणी म्हणे नाहीत. साक्षीदार आला, पण निकाल लागला नाही. १९०९ मध्ये फ्रान्समधल्या म्यूदाँच्या मोठ्या दुर्बिणीतून अँतोनियादी यांनी पाहिलं, तर रेषांच्या जागी तुटक, वेडेवाकडे डाग दिसले.

लोवेल यांनी मत सोडलं नाही. १२ नोव्हेंबर १९१६ रोजी त्यांचं निधन झालं. वेधशाळेच्या टेकडीवरच त्यांची समाधी आहे. १९६५ मध्ये मरिनर-४ यानाने जवळून फोटो पाठवले, त्यात खड्डे होते, कालवे नव्हते.

तरी त्यांचा पैसा वाया गेला नाही. याच वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटो सापडला. आणि आज हौशी मंडळी दुर्बिणीला कॅमेरा लावून ग्रहाचा व्हिडिओ घेतात, हजारो फ्रेममधून स्पष्ट तेवढ्या निवडतात आणि संगणकावर एकत्र करतात. पुष्कळ घ्या, चांगलं निवडा, ही तीच फ्लॅगस्टाफची युक्ती. कालवे खोटे ठरले, पण ते शोधायची रीत कामाला आली.