एअरगनवाला मुलगा ‘पक्षीवाले’ सलीम अली कसा झाला?

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची. गोंदियाचं नवेगावबांध वाचकांच्या घरात पोहोचवलं ते त्यांनीच. 12 तारीख डॉ. सलीम अलींची. वर्गात गुलेल घेऊन येणाऱ्या मुलाचं करायचं काय, हे अलींच्या लहानपणात सापडतं.

जन्म 1896, मुंबई. आईवडील लवकर गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी खेतवाडीत वाढवलं. हातात एअरगन, डोक्यात शिकारी व्हायचं वेड. एकदा पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामांनाही कळेना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं.

मिलार्ड साहेबांनी उपदेश केला नाही. पक्षी ओळखून दिला, मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहच उघडून दाखवला. पोरगा गुंतला तो कायमचा.

1926 मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगू लागले. ती नोकरी गेल्यावर किहीमला सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर तासन्‌तास बसले. नर घरटं विणतो आणि मादीला ते पसंत पडलं तरच संसार मांडला जातो, हे त्यांनी नीट नोंदवलं. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

हळवे प्राणिमित्र मात्र ते नव्हते, हेही सांगायला हवं. अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले. (आज घरात देशी पोपट पाळणंही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, बरं का!) पण भरतपूर आणि सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी उतारवयात आवाज उठवला तो याच माणसानं. 1987 मध्ये, नव्वदी ओलांडण्याआत-बाहेर, ते गेले.