धडक अंगावर घेणारा डॉक्टर

१० डिसेंबर १९५४. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातला होलोमन हवाई तळ. वाळवंटात टाकलेल्या सरळसोट रुळांवर एक उघडी गाडी उभी होती. तिला इंजिन नव्हते, मागे नऊ रॉकेटे होती. आसनावर पट्ट्यांनी जखडून बसला होता हवाई दलातला ४४ वर्षांचा एक डॉक्टर. रॉकेटे पेटली आणि पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग गाठला. वरून लक्ष ठेवणारे जेट विमानही मागे पडले. मग पाण्याच्या ब्रेकने गाडी १.४ सेकंदांत जागच्या जागी थांबली.

या डॉक्टरांचे नाव जॉन पॉल स्टॅप. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट बल आले. म्हणजे ७० किलो वजनाचा माणूस असता तर काही क्षण त्याचे वजन सव्वातीन टन झाल्यासारखे झाले असते. मदतनीस धावत पोहोचले तेव्हा स्टॅप यांना काहीच दिसत नव्हते. डोळ्यांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. दृष्टी कायमची जाऊ शकते याची त्यांना कल्पना होती, म्हणून आधीच त्यांनी दिवे मालवून कपडे घालण्या-काढण्याचा सराव करून ठेवला होता. नशिबाने काही वेळाने दृष्टी परतली.

हे धाडस विक्रमासाठी नव्हते. लढाऊ विमान कोसळत असताना वैमानिकाला वाचवता येईल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे होते.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमध्ये झाला. आईवडील अमेरिकन धर्मप्रसारक होते. १९२८ मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांच्या नात्यातले एक लहान मूल शेकोटीत भाजले. स्टॅप यांनी त्याची शुश्रूषा केली, पण मूल वाचले नाही. डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले. मात्र हातात पैसा नव्हता. शिकवण्या, नोकऱ्या करत त्यांनी आधी जीवभौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. त्याच वर्षी ते सैन्याच्या हवाई दलात दाखल झाले.

पहिले मोठे काम उंचीचे होते. अतिउंचावर हवेचा दाब घटला की रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे असह्य दुखतात, माणूस हतबल होतो. स्टॅप स्वतः सुमारे ४५ हजार फुटांवर, दाब आणि ऊब नसलेल्या विमानात जाऊन बसले. उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला तर शरीरातला नायट्रोजन बराचसा निघून जातो आणि हा त्रास टळतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मुरॉक तळावर त्यांच्याकडे अपघातांचा प्रश्न आला. १८ जीपेक्षा जास्त बल माणूस सहन करू शकत नाही, असा तेव्हा पक्का समज होता. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट. विमानांची आसने आणि पट्टे याच हिशेबाने बनत, कारण माणूसच वाचणार नसेल तर आसन त्याहून मजबूत करून काय उपयोग? पण युद्धात काही वैमानिक याहून भीषण आदळआपटीतून जिवंत बाहेर आले होते. स्टॅप यांना शंका आली, माणसे धडकेने मरतात की तुटलेल्या आसनाने आणि सुटलेल्या पट्ट्याने?

आधी रॉकेटगाडीवर पुतळा बसवला गेला. एकदा साध्या पट्ट्याने बांधलेला पुतळा सुटून कितीतरी दूर फेकला गेला. पट्टा कमकुवत असेल तर काय होते, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले. डिसेंबर १९४७ मध्ये स्टॅप स्वतः बसले. सुरुवात कमी वेगाने आणि पाठ पुढे करून झाली. पुढे एकेक रॉकेट वाढत गेले. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी ३५ जीपर्यंत मजल मारली होती. १८ चा आकडा खोटा ठरला.

याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. बरगड्या मोडल्या, दातांत भरलेले सिमेंट निखळले, मेंदूला हादरे बसले, मनगट दोनदा मोडले. त्यातल्या एका वेळी तर कार्यालयाकडे चालत जाताना त्यांनी हाड स्वतःच जागेवर बसवले. वरिष्ठांना त्यांची धास्ती वाटे. माणसाऐवजी चिंपांझी वापरा, असे सुचवले जाई. चिंपांझींवरही प्रयोग झाले. पण कुठे दुखले, कधी दिसेनासे झाले, श्वास कसा अडला, हे माणूसच सांगू शकतो, अशी स्टॅप यांची भूमिका होती. तो धोका दुसऱ्यावर टाकणे त्यांना मान्य नव्हते. हाच माणूस संध्याकाळी तळावरच्या कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांना मोफत तपासत असे.

या प्रयोगांतून शरीराविषयी काही मूलभूत गोष्टी कळल्या. बल किती आहे एवढेच महत्त्वाचे नसते. ते कोणत्या दिशेने, किती वेळ आणि किती झटक्यात येते, हेही तितकेच निर्णायक असते. लढाऊ विमान जोरात वळते तेव्हा बल डोक्याकडून पायांकडे येते. मेंदूतले रक्त खाली उतरते आणि काही सेकंद टिकले तर वैमानिकाची शुद्ध हरपू शकते. तेच बल छातीवर किंवा पाठीवर आडवे आणि क्षणभरच आले, तर शरीर त्याच्या कितीतरी पट सहन करते. अट एकच, पट्ट्यांनी ते बल खांदे, छाती आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटून दिले पाहिजे. या निष्कर्षांनंतर लढाऊ विमानांच्या आसनांची ताकद ३२ जी सोसेल इतकी वाढवण्यात आली.

१९४९ मध्ये याच प्रकल्पात एक किस्सा घडला. एडवर्ड मर्फी नावाच्या अभियंत्याने आणलेले बल मोजणारे संवेदक सगळेच उलटे जोडले गेले. त्या फेरीची नोंद शून्य आली. जे चुकू शकते ते कधीतरी चुकणारच, या अर्थाचा मर्फीचा नियम इथून जगभर पोहोचला. आपण तो विनोदाने सांगतो. स्टॅप यांच्यासाठी ती कामाची शिस्त होती. काय काय चुकू शकते याची यादी आधीच करायची आणि मगच रॉकेट पेटवायचे.

लढाऊ विमाने दशकानुदशके वापरली जातात, तेव्हा या शिस्तीचे मोल अधिक जाणवते. भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये आलेल्या मिग-२१ ला आपण निरोप दिला तो थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. विमान जुने होते तसा धातू थकतो, तारांची आवरणे झिजतात, सुटे भाग मिळेनासे होतात. तपासणीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. सगळे उपाय थकल्यावर वैमानिकाकडे उरते ते त्याचे आसन आणि पट्टा. त्या आसनाखालच्या स्फोटक काडतुसांनाही मुदत असते, ती वेळेवर बदलावीच लागतात.

होलोमनच्या त्या फेरीनंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९५५ मध्ये, जॉर्ज स्मिथ या चाचणी वैमानिकाला आवाजाहून जास्त वेगात असलेल्या एफ-१०० विमानातून बाहेर पडावे लागले. तो अनेक महिने रुग्णालयात होता, पण जगला आणि पुन्हा विमानही चालवू लागला. अशा वेगात बाहेर पडणे म्हणजे मृत्यूच, हा समजही मागे पडला.

दरम्यान, स्टॅप यांना मृत्यूच्या नोंदी चाळताना वेगळेच काही दिसले. हवाई दलाची माणसे विमान अपघातांइतकीच मोटार अपघातांत मरत होती. कोट्यवधी खर्चून घडवलेला वैमानिक सुटीच्या दिवशी घराच्या वाटेवर जात होता, कारण गाडीत पट्टाच नव्हता. मग त्यांनी मोटारी आदळवून अभ्यास सुरू केला आणि १९५५ मध्ये होलोमनला मोटार कंपन्यांच्या अभियंत्यांना बोलावून परिषद भरवली. ती परिषद त्यांच्या नावाने आजही भरते. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते.

रॉकेटगाडीवर २९ वेळा बसलेला हा माणूस १३ नोव्हेंबर १९९९ रोजी, ८९ व्या वर्षी, अलामोगोर्डो येथील आपल्या घरी शांतपणे गेला.

आपल्याकडे मागच्या सीटवरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. तरी जवळच तर जायचे आहे, असे म्हणत तो अनेकदा तसाच लोंबकळत राहतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळली तर ती निमिषार्धात थांबते, पण पट्टा नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. बांधलेले शरीर किती सोसते आणि सुटलेले किती थोडे, हे एका डॉक्टरने स्वतःची हाडे मोडून आपल्यासाठी मोजून ठेवले आहे. पट्टा लावायला मात्र दोन सेकंद पुरतात.